फाल्गुन-चैत्रात पक्षी बघायला निघालात तर

पक्षी बघायला सुरुवात कधी करावी, असं विचारलं की बहुतेक जाणकार हिवाळा सांगतात. तळी भरलेली असतात, हवा थंड असते, दूरदेशीचे पाहुणे मुक्कामाला आलेले असतात. सल्ला चुकीचा नाही. पण सोलापुरात आणि आसपास राहणाऱ्याला मी फाल्गुन-चैत्र सांगेन. होळीच्या पंधरा दिवस आधीपासून चैत्री पौर्णिमेपर्यंतचा हा काळ. या दिवसांत हिवाळी पाहुण्यांची परतीची तयारी चाललेली असते आणि इथल्या रहिवाशांनी घरटी करायला घेतलेली असतात. एकाच सकाळी एकाच माळावर दोन्ही बघायला मिळतं. निराशाही याच दिवसांत जास्त वाट्याला येते. परवा दिसलेला थवा आज निघून गेलेला असतो, गेल्या आठवड्यात अंडी होती ती जागा आज रिकामी असते. हे आधी माहीत असलं, तर दोन सकाळी फुकट गेल्या म्हणून माणूस दुर्बीण कपाटात ठेवून देत नाही.

आधी इथला वसंत समजून घ्यायला हवा. पुस्तकातला वसंत पालवी आणि मोहोराचा. आपल्याकडे मार्चमध्ये कडुलिंबाला तांबूस पालवी येते, पळस आणि पांगारा पेटतात, हे खरं. पण बाकी सगळं सुकायला लागलेलं असतं. ज्वारीची काढणी झालेली, कडबा रचलेला, ओढे कोरडे, माळावरची कुसळी पिवळी पडलेली. पक्षी बघणाऱ्याला हे सोयीचं आहे. झाडांवर पानं कमी, त्यामुळे फांदीवरचा पक्षी लपत नाही. पाणी कमी, त्यामुळे जिथे ते उरलंय तिथे सगळ्यांना यावंच लागतं. ‘पाणी कुठे उरलंय’ एवढी चौकशी गुराख्याकडे केलीत तरी निम्मं काम झालं. हे दिवस असे आहेत की गुराखी आणि मेंढपाळ यांच्याइतकी खरी माहिती तुम्हाला कुठल्याच मोबाइलवर मिळणार नाही.

सामानाचं थोडक्यात सांगतो. ८×४२ ची दुर्बीण घ्या. पहिला आकडा पक्षी किती पट जवळ दिसेल ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहापटीची दुर्बीण ऐकायला भारी वाटते, पण नवख्याच्या हातात ती जास्त हलते आणि उडता पक्षी तिच्यात पकडता येत नाही. कपडे मातकट रंगाचे, डोक्याला टोपी किंवा पंचा, पाण्याची मोठी बाटली आणि खिशात मावेल अशी वही. नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षीकोश’ घरी असू द्या. १९३२ मध्ये सोलापुरात जन्मलेल्या आणि २०२५ च्या जूनमध्ये सोलापुरातच अखेरचा श्वास घेतलेल्या चितमपल्ली यांनी पक्ष्यांची मराठी नावं जमवण्यात हयात घालवली. कॅमेरा पहिलं वर्षभर घरी राहिला तर उत्तम. कॅमेरा असला की माणूस पक्ष्याच्या जवळ जायला बघतो, आणि या ऋतूत जवळ जाणं हीच सगळ्यात मोठी चूक आहे. कारण पुढे येईलच.

वेळ उजाडतीची. मार्चच्या सुरुवातीला पावणेसातच्या सुमारास सूर्य उगवतो. त्या वेळी तुम्ही घरी नसावं, माळावर असावं. साडेनऊनंतर जमीन तापते, हवा थरथरायला लागते आणि शंभर पावलांवरचा चंडोल दुर्बिणीतही पाण्यात बुडाल्यासारखा दिसतो. त्यानंतर ओळख पटवण्याची खटपट करू नये. एक तर झाडाखाली बसावं, नाहीतर घरी यावं.

आता माळ. सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला वीस-बावीस किलोमीटरवर नान्नज आहे आणि नान्नज म्हटलं की माळढोक. सोलापूरचे पक्षिअभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी १९७०च्या दशकात इथल्या माळढोकांकडे लक्ष वेधलं, १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. कागदावर त्याचं क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. त्यात गावं, शेतं, बाजारपेठा सगळंच आलं आणि लोकांचे व्यवहार अडकून पडले. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. प्रत्यक्ष राखलेले गवताळ माळ म्हणजे नान्नज, मार्डी अशा ठिकाणचे विखुरलेले तुकडे. आत जाण्यासाठी वनखात्याची परवानगी लागते. ती आधीच काढा आणि सोबत मिळालेल्या माणसाचं ऐका.

इथे पहिली आणि सर्वांत मोठी निराशा मी आधीच सांगून टाकतो, कारण ती लपवून ठेवणं वाचकाशी प्रामाणिक होणार नाही. माळढोक तुम्हाला दिसणार नाही, असं धरूनच निघा. जगातले या जातीचे जंगली पक्षी दीडशेच्या आसपास किंवा त्याहून कमी उरलेत, बहुतेक राजस्थानात. नान्नजला अलीकडच्या वर्षांत एखादी मादी दिसली तरी बातमी होते. कारणं उघड आहेत. मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. माळ नांगरले गेले, कुत्री वाढली, विजेच्या तारा आल्या. एवढ्या जड पक्ष्याला समोरची तार वेळेत दिसत नाही आणि दिसली तरी झटकन वळता येत नाही. शिवाय त्याचा विणीचा खरा हंगाम पावसाळ्याचा. गळ्याची पिशवी फुगवून नर साद घालतो ते दृश्य चैत्रात शोधून उपयोग नाही. माळढोकासाठी नान्नजला गेलेला माणूस ‘काहीच दिसलं नाही’ म्हणत परततो, आणि त्याच सकाळी त्याच्या पायाशी माळ गजबजलेला असतो. याचं मला फार वाईट वाटतं. राखलेल्या गवतात लांडगे आहेत, काळवीट आहेत आणि छोट्या पक्ष्यांचं अख्खं गाव आहे. माळढोकाच्या नावानं हा माळ वाचला. आता जे आहे त्याला डोळे भरून बघणं हे त्याचं ऋण फेडणंच आहे.

सुरुवात डोंबारी चंडोलापासून करा. चिमणीपेक्षा थोडा लहान, नराचं पोट काळं, डोक्याचा माथा राखाडी. जमिनीवर दिसायला अवघड. पण फाल्गुनात तो स्वतःहून लक्ष वेधतो. ढेकळावरून सरळ वर उडतो, पंख फडफडवत बरंच वर चढतो, मग पंख मिटून शीळ घालत दगडासारखा खाली येतो. जमीन जवळ आली असं वाटतं तोच पुन्हा पंख उघडून वर. असं तीन-चार झोके घेऊन मगच तो उतरतो. मादी जवळपास बसलेली असते, तपकिरी, मातीत मिसळलेली. चंडोलांच्या बाकीच्या जाती मात्र नवख्याला रडकुंडीला आणतात. सगळे मातकट, सगळ्यांवर रेघा. पहिल्या वर्षी त्यांचं नाव ठरवायच्या भानगडीत पडू नका. ‘चंडोल, तुरा होता’ किंवा ‘चंडोल, उडताना शेपटी तांबूस’ एवढंच लिहा. तुरा, शेपटी आणि उडतानाचं गाणं या तीन गोष्टी टिपत गेलात की पुढच्या वर्षी नावं आपोआप जुळायला लागतात.

याच माळावर धाविक दिसतो. नारिंगी छाती, डोळ्यावरून मागे गेलेली पांढरी आणि काळी रेघ, उंच पाय. तो दुडुदुडु पळतो, थबकतो, वाकून किडा टिपतो, पुन्हा पळतो. तुम्ही थांबलात की तोही थांबतो. त्याच्याकडे सरळ चालत जाऊ नका. तिरकं चाला, मध्ये मध्ये थांबा, नजर दुसरीकडे ठेवा. आणि गाडी असेल तर गाडीतच बसा. माळावरचे पक्षी चालत्या माणसापेक्षा उभ्या गाडीला कमी भितात.

पीतमुखी टिटवीबद्दल मात्र सविस्तर सांगावं लागेल. ओढ्याकाठी ओरडणारी, चोचीपाशी लाल कातडी असलेली टिटवी सगळ्यांना माहीत असते. ही तिची कोरड्या माळावरची बहीण. चोचीच्या मुळापासून लोंबणारी पिवळी कातडी, काळी टोपी, पिवळे पाय. मार्चपासून ती अंडी घालते. घरटं म्हणजे जमिनीत उकरलेली उथळ खळगी आणि भोवती गोळा केलेले खडे. बहुधा चार अंडी, रंग अगदी मुरमाचा, त्यावर काळपट ठिपके. पाय पडेपर्यंत कळत नाही. टिटवी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालू लागली किंवा समोर लंगडत, पंख लोंबवत पळायला लागली, तर समजा की तुम्ही अंड्यांच्या जवळ आहात. तिथेच थांबा, पायाखाली बघा आणि आल्या वाटेनं मागे फिरा. ‘एक फोटो काढतो आणि जातो’ असं म्हणणारे पुष्कळ. पण चैत्रातल्या अकराच्या उन्हात टिटवी अंड्यांवर बसलेली असते ती ऊब द्यायला नव्हे, सावली द्यायला. पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून आणते आणि ओल्या पोटानं अंडी गार ठेवते. तुम्ही तिला उठवून ठेवलंत, तर उघड्यावर पडलेल्या अंड्यातला जीव थोड्या वेळातच होरपळू शकतो. शिवाय कावळे आणि मुंगसं माणसाच्या थांबण्यावरून घरट्याची जागा ओळखतात. या दिवसांत माळावर पक्षी बघायचे ते पायवाटेवरूनच.

पखुर्डीसाठी वेगळा बेत करावा लागतो. पखुर्ड्या माळावर दिवसभर दबून बसतात, दिसत नाहीत. पण कोरडं धान्य आणि बी खाणाऱ्या असल्यामुळे त्यांना रोज पाणी लागतं. माळाजवळच्या एखाद्या डबक्यापासून पन्नास-साठ पावलांवर बाभळीच्या आडोशाला सूर्योदयापूर्वी बसा. सूर्य वर आल्यावर तास-दोन तासांत लहान थव्यांनी त्या येतात. उतरताना पाण्यापासून लांब उतरतात, चालत काठाशी येतात, घाईघाईनं घोट घेतात आणि उडतात. सगळा कार्यक्रम चटकन आटोपतो. पिल्लं असतील तर नर पाण्यात पोट टेकवून थोडा जास्त बसलेला दिसेल. त्याच्या पोटाच्या पिसांची रचना पाणी धरून ठेवणारी असते. पिल्लं ती पिसं चोखून तहान भागवतात. हे डोळ्यांनी बघायला मिळालं तर त्या सकाळी दुसरं काही दिसलं नाही तरी चालेल. पाण्याच्या अगदी काठाशी मात्र बसू नका. तुम्ही तिथून उठेपर्यंत कुणीच पाणी पिणार नाही.

माळावरच्या पाहुण्यांपैकी भोवत्या ससाण्यांना निरोप द्यायला मार्चच्या मध्यापर्यंत जायला हवं. गवतावरून हातभर उंचीवरून, पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उचलून, संथ फेऱ्या घालणारा शिकारी पक्षी दिसला की तो भोवत्या. मध्य आशियाकडून आलेला हा पाहुणा नाकतोड्यांवर जगतो आणि रात्री झाडावर न बसता गवतात जमिनीवरच झोपतो. म्हणून गवत जाळणं त्याला थेट बेघर करतं. आणि ओसाड माळ ‘हिरवा करण्यासाठी’ रोपं लावणं हेही माझ्या मते तितकंच वाईट. माळ पडीक नसतो. झाडं लावायची तर शाळेच्या आवारात, रस्त्याकडेला, गावठाणात लावा. धाविकाच्या आणि टिटवीच्या घरात लावलेलं रोप म्हणजे कावळ्याला, घारीला दिलेली बसायची जागा. तुमच्या ओळखीची संस्था अशी मोहीम काढत असेल तर हे शांतपणे समजावून सांगा, लोक ऐकतात.

शहरातून दूर जाणं जमत नसेल तर तळी आहेत. सिद्धेश्वर तलाव, विजापूर रस्त्याचा संभाजी तलाव आणि तुळजापूर रस्त्याला हिप्परग्याचा एकरुख तलाव, जो १८७१ साली बांधून पूर्ण झाला. बदकांसाठी फेब्रुवारी संपायच्या आत जा. थापट्या आणि तलवार बदक मार्चमध्ये भराभर कमी होतात. उशिरा गेलेल्याला वारकरी, हळदीकुंकू आणि शेकाटे एवढेच दिसतात आणि तो हिरमुसतो. पण मार्च-एप्रिलमध्ये काठावरच्या चिखलाकडे बघायची सवय लावा. हिवाळाभर मळकट दिसणारा पिवळा धोबी आता हळदीत बुडवून काढल्यासारखा होतो, काहींचं डोकं काळंभोर होतं. पाणटिवळ्यांच्या मानेवर विटकरी रंग चढतो. इथला ढोकरी, म्हणजे वंचक, एरवी मातकट. त्याची पाठ आता गर्द तांबूस होते आणि लोक ‘नवा पक्षी दिसला’ म्हणून फोटो पाठवतात. दूरच्या प्रवासाला आणि विणीला निघालेले हे पक्षी अंगावरचे कपडे बदलत असतात. एकाच तळ्यावर दर रविवारी गेलात तर तो बदल अंगाअंगानं दिसतो. दहा ठिकाणी एकदा जाण्यापेक्षा एका ठिकाणी दहादा जावं, हा माझा आग्रह याचसाठी.

उजनीचं गणित थोडं वेगळं. धरणात ११७ टीएमसी पाणी मावतं आणि त्यातलं निम्म्याहून अधिक मृतसाठ्यात मोडतं. ‘उजनी मायनसमध्ये गेली’ ही बातमी आपल्या पोटात गोळा आणते. शेताचं आणि नळाचं पाणी त्यावर आहे. पण पातळी उतरली की मैलोन्मैल गाळ उघडा पडतो आणि उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांना चोच उलटी करून गाळ गाळून खाता येतो. फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ त्यांना बघायला चांगला. लोक पुणे जिल्ह्यात भिगवण, कुंभारगावला गर्दी करतात. आपल्या करमाळा तालुक्यात केत्तूरच्या बाजूनं तोच जलाशय आहे आणि तिथे निवांतपणा जास्त. होडी ठरवताना नावाड्याला आधीच सांगा की थव्याच्या जवळ न्यायचं नाही, उडवून दाखवायचं नाही. थवा उडाला की गुलाबी-काळे पंख फार देखणे दिसतात आणि म्हणूनच पर्यटक तो उडवायला लावतात. पण खायचं सोडून उडालेला पक्षी परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी जाळत असतो. उघड्या पडलेल्या बेटांवर आणि काठावर नदी सुरय आणि छोट्या आर्ली जमिनीवर अंडी घालतात. तिथे पाय ठेवू नका. गाळपेरासाठी फिरणारा ट्रॅक्टर, मोकाट कुत्री, अचानक वाढलेलं पाणी यांपैकी कशानंही ती वसाहत एका दिवसात जाते. हे बघायला लागलं तर फार जड जातं. अशा वेळी तारीख, जागा आणि काय घडलं ते नीट लिहून ठेवा आणि वनखात्याला कळवा.

भोरड्यांबद्दल दोन शब्द. शेतकऱ्याला त्या माहीत आहेतच. ज्वारी दाण्यात असताना मचाणावर गोफण घेऊन त्यांच्याशीच भांडावं लागतं. काढणी झाली की मात्र त्या पळसावर आणि पांगाऱ्यावर उतरतात. गुलाबी अंग, काळं डोकं आणि कपाळाला परागाची पिवळी पूड. संध्याकाळी झोपायच्या झाडावर येण्याआधी त्यांचे थवे आकाशात एकत्र वळणं घेतात. एप्रिल संपेपर्यंत त्या मध्य आशियाकडे निघून जातात, तिथे टोळ-नाकतोड्यांच्या हंगामात पिल्लं वाढवतात आणि पावसाळ्यातच परत यायला लागतात. तुमच्या भागातली शेवटची भोरडी कधी दिसली, ही नोंद दरवर्षी करण्यासारखी आहे.

अंगणातही कमी नाही. तांबटाचं टुक-टुक ऐकू आलं की आवाजाच्या दिशेनं वाळक्या फांदीच्या खालच्या बाजूला बघा. गोल भोक दिसेल. वाळकी फांदी म्हणजे तांबटाचं घर असतं, आणि नेमक्या याच महिन्यांत विजेच्या तारांसाठी आणि उन्हाळ्याच्या तयारीसाठी फांद्या छाटल्या जातात. सोसायटीत छाटणी निघाली तर आधी एक सकाळ झाड बघायची सवलत मागा. कुहू ऐकू येते ती नर कोकिळाची, काळ्याभोर, लाल डोळ्याच्या. ठिपक्याठिपक्यांची मादी ‘किक-किक’ करत पळते आणि कावळ्याच्या घरट्यावर डोळा ठेवून असते. सज्ज्यातल्या तारेवर शिंजीरानं कोळिष्टकाचं घरटं लोंबवलं असेल तर महिनाभर त्या बाजूचे कपडे दुसरीकडे वाळत घाला.

नोंदीच्या वहीत तारीख, वेळ, जागा, पाणी किती होतं, कोण काय करत होतं, एवढं लिहा. आणि जे दिसलं नाही तेही लिहा. ‘मार्डी, सकाळी सात ते नऊ, धाविक नाही’ ही ओळ निरुपयोगी वाटते. पण एखादा पक्षी माळावरून कधी कमी झाला हे नंतर शोधायला बसलं की आपल्याकडे जुन्या नोंदी फक्त दिसलेल्यांच्याच सापडतात. रिकाम्या हाती परतलेल्या माणसांनी वह्या उघडल्याच नाहीत. ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकत असाल तर दिसलेल्या सगळ्या जातींची पूर्ण यादी टाका. यादी पूर्ण आहे असं कळवलं की त्यात नसलेला पक्षी त्या दिवशी दिसला नाही, हेही त्यातून निघतं. अंड्यांवरच्या पक्ष्याची नेमकी जागा मात्र जाहीर करू नका. गावाचं नाव पुरे.

एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात पारा चाळिशीपार गेला की माळावर जाणं थांबवा. पक्ष्यांना त्या दिवसांत आपली वर्दळ परवडत नाही. तेव्हा घरच्या गच्चीत पाणी ठेवा: मातीचं पसरट भांडं, दोन-तीन बोटं पाणी, मधोमध एक खडबडीत दगड, जागा सावलीची आणि मांजराच्या उडीबाहेरची. पाणी रोज बदलायचं आणि भांडं काथ्यानं घासायचं. शिळ्या पाण्यातून कबुतरांचे रोग इतरांना लागतात. पहिले आठ-दहा दिवस कुणी आलं नाही तरी जागा बदलू नका. आधी बुलबुल आणि होले येतात, बाकीचे त्यांना बघून येतात.